स्वतःच्या बाजूने

रात्री अकराच्या सुमारास कुठल्याही मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत थोडा वेळ थांबलं, तर असा एखादा पेशंट हमखास दिसतो. छातीवर हात, ओठ कोरडे, बोटांना मुंग्या, सोबत घाबरलेला नवरा किंवा भाऊ. ईसीजी काढला जातो, रक्त तपासायला जातं, ऑक्सिजन मोजला जातो. सगळं व्यवस्थित असतं. मग ड्युटीवरचा डॉक्टर, बहुतेक वेळा चांगल्या मनाने, सांगतो, ‘काही झालेलं नाही. टेन्शन घेऊ नका.’ घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. पेशंटला मात्र त्या वाक्यातून वेगळंच ऐकू येतं : म्हणजे मी उगाच सगळ्यांना धावपळ करायला लावली.

खरं तर त्या रात्री बरंच काही झालेलं असतं. मेंदूने धोक्याचा इशारा दिला, अॅड्रिनलिन रक्तात सुटलं, हृदयाचे ठोके वाढले, श्वास उथळ आणि भराभर होऊ लागला. असा श्वास काही मिनिटं चालू राहिला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो. त्यानेच बोटांना मुंग्या येतात, डोकं हलकं होतं, आजूबाजूचं सगळं लांब गेल्यासारखं वाटतं. पळायचं किंवा लढायचं असतं तर ही सारी तयारी कामाची होती. पण पळण्यासारखं समोर काहीच नसतं. मग मन कारण शोधायला शरीराकडेच वळतं आणि ठरवून टाकतं : हार्ट अटॅक. त्या निष्कर्षाने भीती वाढते, भीतीने धडधड वाढते, धडधडीने निष्कर्ष पक्का होतो. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांनी १९८६ मध्ये पॅनिकचं हे चक्र मांडलं आणि उपचाराला एक नेमकी जागा मिळाली. धडधड थांबवण्याच्या मागे लागायचं नाही. धडधडीचा आपण लावलेला अर्थ तपासायचा.

हा झाला पहिला त्रास. त्याबद्दल अलीकडे बरंच लिहिलं-बोललं जातं आणि ते चांगलंच आहे. त्याच्या पाठोपाठ येणारा दुसरा त्रास, म्हणजे घाबरल्याबद्दल स्वतःला दिली जाणारी शिक्षा, त्याबद्दल मात्र फार कमी बोललं जातं. मी स्वतः चिंतेच्या त्रासासाठी थेरपी घेतली आहे, त्यामुळे या विषयाकडे मी लांबून पाहू शकत नाही. माझी खात्री झाली आहे की पुष्कळ माणसं पहिल्या त्रासापेक्षा या दुसऱ्यानेच जास्त खचतात.

*

या लेखात एक बाई पुन्हा पुन्हा येतील. त्या कुणी एक नाहीत. अशा त्रासातून गेलेल्या अनेकांच्या अनुभवांचे तुकडे जोडून मी त्यांना उभं केलं आहे, म्हणजे कुणाचंही खाजगी आयुष्य उघड्यावर येणार नाही.

बाई डोंबिवलीच्या, चाळिशीतल्या, फोर्टमधल्या बँकेत काम करणाऱ्या. पहिला झटका फास्ट लोकलमध्ये आला. त्यानंतर त्यांनी फास्ट गाडी सोडली. स्लो गाडी प्रत्येक स्टेशनावर थांबते, वाटलं तर उतरता येतं. मग दाराजवळच उभं राहणं आलं. पर्समध्ये पाण्याची बाटली, लिमलेटच्या गोळ्या आणि कुणीतरी सांगितलं म्हणून हृदयाच्या त्रासावरच्या सॉर्बिट्रेटची स्ट्रिप. पुढे लेडीज डब्यातला नेहमीचा ग्रुप टाळणं, लग्नकार्यात शेवटच्या रांगेतली खुर्ची धरणं, बढतीच्या परीक्षेचा फॉर्मच न भरणं. बाहेरून पाहणाऱ्याला यातलं काही दिसत नाही, कारण डबा वेळेवर भरला जातो, मुलाच्या क्लासची फी वेळेवर जाते. आतला आवाज मात्र दिवसभर चालू असतो. इतकी शिकलेली बाई आणि लोकलला घाबरते. आईने दोन खोल्यांत चार मुलं वाढवली, तिला कधी असलं काही झालं नाही. तू नाटकं करतेस.

हा आवाज त्यांनी शोधून काढलेला नाही. आपल्या घरांत तो पिढ्यान्‌पिढ्या सांभाळला गेला आहे. स्वतःला धारेवर धरणं हे आपण चांगल्या वळणाचं लक्षण मानतो. मुलाला पंच्याण्णव मिळाले की उरलेले पाच कुठे गेले हे विचारणारा बाप प्रेमानेच विचारत असतो, आणि मुलगा मोठा झाला की तोच प्रश्न स्वतःला विचारू लागतो. बाईच्या बाबतीत तर दुप्पट. स्वतःसाठी हळवं होणं म्हणजे लाड, दुखणं बोलून दाखवणं म्हणजे रडगाणं. ‘तुला काय कमी आहे?’ हा प्रश्न किती घरांत किती वेळा उच्चारला गेला असेल! त्याला उत्तर नसतं. कमी काहीच नसतं, आणि तरी छाती धडधडत असते.

*

थेरपिस्टच्या खोलीत काय होतं याची बहुतेकांची कल्पना सिनेमातून आलेली असते. कोच, मंद दिवा, बालपणीची एखादी आठवण, मग रडू, की झालं मोकळं. चिंतेवरच्या उपचारात प्रत्यक्षात वही आणि पेन जास्त लागतं. पहिल्या एक-दोन भेटी माहिती घेण्यात जातात. त्रास कधी सुरू झाला, झोप कशी आहे, चहा-कॉफी किती, थायरॉइड तपासलंय का, घरात आणखी कुणाला असा त्रास होता का, जीव द्यावासा वाटतो का. शेवटचा प्रश्न स्पष्ट शब्दांत विचारला जातो. तो विचारल्याने कुणाच्या डोक्यात नवा विचार शिरत नाही. अनेकांना ती गोष्ट पहिल्यांदाच उच्चारायची मोकळीक मिळते.

मग वही. बुधवारी काय झालं? साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. त्या क्षणी मनात काय आलं? काहीतरी चुकलंय, आता सगळ्यांना कळणार. शरीराला काय झालं? तळहात ओले, घशाला कोरड. मग काय केलंत? वॉशरूममध्ये गेले, पाच मिनिटांनी आत गेले. साहेबांना काय हवं होतं? ऑडिटची फाइल.

काही आठवडे अशी वही भरत गेली की तिच्यात एक गोष्ट ठळक दिसू लागते. घडलेल्या प्रसंगाबद्दलची वाक्यं मोजकी असतात आणि स्वतःबद्दलची पानंच्या पानं. साहेब काय म्हणाले हे एका ओळीत येतं, आपण किती बावळट दिसलो हे दहा ओळींत. माझा आवाज कापताच कामा नये. कुणाला कळताच कामा नये. मी कायम खंबीर असलंच पाहिजे. या हुकमांची यादी समोर आली की कसलेला थेरपिस्ट त्यांच्यावर घाईने तुटून पडत नाही. हा नियम कुठून आला, तो पाळून आजवर काय मिळालं, आणि हाच नियम तुम्ही बहिणीला लावाल का, असं तो शांतपणे विचारत राहतो. बहिणीला लावाल का, या प्रश्नापाशी बरेच जण थबकतात.

*

या कामाची मराठीतली परंपरा जुनी आहे आणि तिची सुरुवात समुद्रापलीकडच्या एका लाजाळू मुलापासून होते. अल्बर्ट एलिस १९१३ मध्ये जन्मले आणि न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात वाढले. चार माणसांसमोर बोलायची त्यांना भीती वाटे, मुलींशी बोलायची तर त्याहून जास्त. १९ वर्षांचे असताना त्यांनी स्वतःवरच एक प्रयोग केला. ब्राँक्सच्या बोटॅनिकल गार्डनमध्ये महिनाभर जायचं आणि बाकावर एकटी मुलगी दिसली की शेजारी बसून बोलायला सुरुवात करायची. १३० जणींपैकी ३० उठून निघून गेल्या, १०० जणींशी बोलणं झालं, एकीने पुन्हा भेटायचं कबूल केलं आणि ती आलीच नाही. (आजच्या वाचक बाईला हा प्रसंग त्या १३० जणींच्या बाजूनेही पाहावासा वाटेल आणि तसा तो पाहायलाही हवा.) एलिस यांच्या हाती मात्र जन्मभराचं भांडवल लागलं. इतके नकार मिळाले आणि त्यांपैकी एकानेही आपलं काही कोसळलं नाही, हे त्यांनी अनुभवलं.

पुढे ते मनोविश्लेषणाचं शिक्षण घेऊन मानसशास्त्रज्ञ झाले, त्या पद्धतीवर नाराज झाले आणि १९५५ च्या सुमारास त्यांनी स्वतःची पद्धत सुरू केली. माणूस घटनेने अस्वस्थ होत नाही, घटनेकडे पाहण्याच्या दृष्टीने होतो, हा एपिक्टेटस या प्राचीन तत्त्वज्ञाचा विचार तिच्या मुळाशी आहे. तिचं नाव दोनदा बदललं आणि १९९३ पासून ती रॅशनल इमोटिव्ह बिहेवियर थेरपी (आरईबीटी) म्हणून ओळखली जाते. मराठीत तिला विवेकनिष्ठ मानसोपचार म्हणतात. ती इथे रुजवण्याचं मोठं श्रेय डॉ. कि. मो. फडके यांचं. एलिस यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार तीन दशकांहून अधिक काळ चालला. शंका विचारत, आक्षेप घेत, वाद घालत त्यांनी ही पद्धत आत्मसात केली आणि शिकवली. डॉ. अंजली जोशी यांच्या ‘मी अल्बर्ट एलिस’ या कादंबरीने ती सामान्य वाचकाच्या हाती आली. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ सुरू केली आणि पुस्तकांतून, व्याख्यानांतून, हल्ली यूट्यूबवरूनही हे विचार मध्यमवर्गीय मराठी घरांत नेले. मानसोपचाराचा एखादा संप्रदाय एका प्रादेशिक भाषेत इतका खोलवर मुरावा, ही आपल्यासाठी अभिमानाची गोष्ट आहे. तिची आपण पुरेशी कदर केलेली नाही.

एलिस यांच्या मांडणीतला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग विनाअट आत्मस्वीकाराचा आहे. आत्मविश्वास वाढवा, स्वतःबद्दल छान वाटू द्या, असा सल्ला सगळीकडे मिळतो. एलिस यांचा त्याला ठाम विरोध होता, इतका की २००५ मध्ये, वयाच्या नव्वदीनंतर, त्यांनी आत्मप्रतिष्ठेच्या कल्पनेविरुद्ध अख्खं पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं असं की स्वतःला चांगले गुण देणारा माणूस उद्या स्वतःला वाईट गुणही देणार, कारण परीक्षा चालूच राहते. कृतीचं मूल्यमापन जरूर करावं. हा रिपोर्ट चुकला, आज मुलावर विनाकारण ओरडले, हे मान्य करावं आणि सुधारावं. पण त्यावरून ‘मी कशी आहे’ याचा निकाल लावायचा नाही. अख्ख्या माणसाला एक गुण देता येईल अशी पट्टीच अस्तित्वात नाही.

हे वाचताना पटतं. अडचण पुढे येते.

*

इंग्लंडमधले मानसशास्त्रज्ञ पॉल गिल्बर्ट यांना ती अडचण त्यांच्या पेशंटमध्ये दिसली. तीव्र लाज आणि आत्मनिंदा घेऊन येणारी माणसं वहीत अगदी योग्य वाक्यं लिहायची. पण ती वाक्यं मनात कोणत्या सुरात म्हणता, असं विचारल्यावर कळलं की सूर तिरस्काराचाच आहे. आपल्या डोंबिवलीच्या बाईंचं तेच झालं होतं. ‘हा हार्ट अटॅक नाही’ हे वाक्य त्यांनी पाठ केलं होतं, आणि मनात ते उमटायचं असं : ‘हार्ट अटॅक नाहीये, एवढंही कळत नाही तुला?’ विचार बदलला, दटावणी तशीच राहिली. डोक्याला पटलं, पोटाला पटलं नाही.

गिल्बर्ट यांनी मांडलं की आपल्या भावनांमागे तीन वेगळ्या यंत्रणा काम करतात. एक धोका हेरते, दुसरी काही मिळवण्यासाठी धावायला लावते, तिसरी निवांत करते. ही तिसरी यंत्रणा लहानपणी कुणाच्या तरी मांडीवर, कुणाच्या तरी थोपटण्याने घडते. ज्यांच्या वाट्याला ते थोपटणं कमी आलं आणि दरडावणं जास्त, त्यांची पहिली यंत्रणा सदा जागी असते. आणि मेंदूला बाहेरून आलेली धमकी आणि आतून आलेली धमकी यांत फारसा फरक करता येत नाही. ‘मूर्ख आहेस तू’ हे वाक्य साहेबांनी म्हटलं काय किंवा स्वतःच म्हटलं काय, छाती धडधडतेच. म्हणजे चिंता घालवण्यासाठी स्वतःला झापणारा माणूस चिंतेलाच खतपाणी घालत असतो. गिल्बर्ट यांची करुणाकेंद्री पद्धत याच निरीक्षणातून उभी राहिली. तिच्यात श्वास संथ करणं, चेहरा आणि आवाज मऊ ठेवून स्वतःशी बोलणं, आपल्यावर निर्व्याज माया करणारं कुणी मनात आणून त्याच्या नजरेतून स्वतःकडे पाहणं असे अभ्यास रोज करायचे असतात. काहींना आजी आठवते, काहींना शाळेतल्या बाई, काहींना कुणीच आठवत नाही आणि मग तसं माणूस कल्पनेने घडवावं लागतं.

अमेरिकेतल्या ख्रिस्तोफर जर्मर यांची गोष्ट एलिस यांच्या गोष्टीशेजारी ठेवून पाहावी अशी आहे. जर्मर व्यवसायाने क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, चिंतेवर उपचार करणारे, ध्यानाचा अनेक वर्षांचा सराव असलेले. आणि व्यासपीठावर उभं राहिलं की त्यांना घाम फुटे, शब्द अडत. त्यांना माहीत असलेले सगळे उपाय करून झाले. भीतीकडे नुसतं पाहूनही ती गेली नाही. त्यांनी दिशा बदलली आणि भाषणाची भीती वाटणाऱ्या स्वतःबद्दलच मैत्रीभावना करायला सुरुवात केली. तेव्हा कुठे गाठ सुटू लागली. आपला आजार मुळात भीतीचा नव्हता, शरमेचा होता, असं त्यांनी नंतर सांगितलं. भीती वाटते याचीच त्यांना शरम होती.

टेक्सास विद्यापीठातल्या क्रिस्टिन नेफ यांनी ही वृत्ती २००३ मध्ये संशोधनाच्या चौकटीत आणली. पीएचडीच्या शेवटच्या काळात त्या बौद्ध ध्यानाकडे वळल्या होत्या आणि तिथे त्यांना ती भेटली. त्यांच्या मांडणीत स्वतःशी सौम्यपणा येतो, जे होतंय ते वाढवून किंवा दाबून न टाकता पाहणं येतं, आणि असा त्रास होणारे आपण एकटे नाही ही जाणीव येते. शेवटची गोष्ट मला सर्वांत कठीण आणि सर्वांत औषधी वाटते. चिंतेतल्या माणसाला आपण जगावेगळे बिघडलेले आहोत असं वाटत असतं. त्याच डब्यात, चार हातांवर बसलेली दुसरी कुणी पर्समधली बाटली घट्ट धरून असेल हे त्याच्या ध्यानातही येत नाही. नेफ यांनी केलेली २६ विधानांची प्रश्नावली जगभर वापरली जाते. तिची बेरीज नेमकं काय मोजते यावर संशोधकांत वाद चालू आहेत. तरी मूळ निरीक्षण अनेक अभ्यासांत पुन्हा दिसलं आहे. स्वतःशी सौम्य असणाऱ्यांमध्ये चिंता आणि नैराश्य कमी आढळतं.

*

यावर आपल्याकडचा आक्षेप ठरलेला आहे, आणि तो मनापासूनचा असतो म्हणून त्याला उत्तर द्यायला हवं. असं स्वतःला गोंजारत बसलं तर माणूस सैल पडणार नाही का? छडी लागे छमछम या वळणाचीच ही शंका आहे. ज्युलियाना ब्राइन्स आणि सेरेना चेन यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेले प्रयोग इथे कामाला येतात. बर्कलीच्या विद्यार्थ्यांना मुद्दाम अवघड शब्दांची परीक्षा दिली आणि ती साहजिकच वाईट गेली. काहींना सांगितलं की ही परीक्षा सगळ्यांनाच अवघड जाते, स्वतःला फार लावून घेऊ नका. काहींना सांगितलं की तुम्ही इथवर आलात म्हणजे हुशारच आहात. काहींना काहीच सांगितलं नाही. मग दुसऱ्या परीक्षेसाठी हवा तेवढा वेळ अभ्यास करायला दिला. सर्वांत जास्त वेळ अभ्यास पहिल्या गटाने केला. चूक केल्यावर फटके बसणार नाहीत हे माहीत असेल, तर माणूस चुकीकडे नीट पाहू शकतो.

थेरपीतही तसंच घडतं. बाईंना फास्ट लोकलमध्ये पुन्हा चढायचंच होतं. त्याला वळसा नाही. टाळलेल्या गोष्टीच्या समोर पायरीपायरीने जाणं हा चिंतेवरच्या उपचाराचा कणा आहे, आणि कितीही करुणा केली तरी ती पायरी वगळता येत नाही. त्याआधी थेरपिस्टच्या खोलीतच काही गोष्टी झाल्या. मुद्दाम भराभर श्वास घेऊन मुंग्या आणायच्या, जिना दोनदा चढून धडधड वाढवायची, आणि ती आपोआप उतरते हे अंगाने अनुभवायचं. मग स्लो गाडीत दारापासून आत, मग खिडकीशी. मग नवऱ्याबरोबर ठाण्यापर्यंत फास्ट, मग एकटीने. मग सॉर्बिट्रेटची स्ट्रिप घरी ठेवून. मग गर्दीच्या वेळी, ठाण्याच्या पुढे, मधली स्टेशनं भराभर मागे टाकणारी गाडी.

या शेवटच्या पायरीच्या दुसऱ्या आठवड्यात त्या मुलुंडला उतरून परत आल्या. पूर्वी अशा माघारीनंतर चार दिवस स्वतःला शिव्या घालण्यात जात आणि पाचव्या दिवशी प्रयत्नच बंद पडे. या वेळी वहीत लिहिलं : मुलुंडपर्यंत गेले, भीती दहापैकी आठ होती, उतरले, प्लॅटफॉर्मवर बसले, आज कठीण गेलं. एवढंच. दोन दिवसांनी त्या पुन्हा गेल्या. माझ्या मते उपचाराचं खरं वळण या नोंदीत आहे, नंतर त्या दादरपर्यंत पोहोचल्या त्यात नाही.

हा सौम्यपणा सर्वांनाच लगेच सुखावतो असंही नाही. काही जणांना स्वतःशी मायेने बोलताना रडू कोसळतं, काहींना चक्क राग येतो, काहींना भीती वाटते की कडकपणा सोडला तर आपण पार ढासळू. गिल्बर्ट आणि जर्मर दोघांनीही याबद्दल विस्ताराने लिहिलं आहे. बराच काळ बंद असलेलं दार उघडल्यावर आधी आतलं दुःख बाहेर येतं. ज्यांना लहानपणी माया करणाऱ्याच हातांनी मार बसला, त्यांच्या मेंदूत माया आणि धोका एकाच खणात ठेवलेले असतात. म्हणून हे काम घाईने करू नये, आणि मोबाइलवरचं एखादं ध्यान ऐकून त्रास वाढला तर दोष स्वतःकडे घेऊ नये. इगतपुरीच्या विपश्यनेबद्दलही हेच. तिथल्या दहा दिवसांच्या शिबिरात शेवटी मैत्रीभावना शिकवली जाते आणि असंख्य लोकांना तिचा आधार मिळाला आहे. पण ते शिबिर म्हणजे उपचार नव्हे. गंभीर मानसिक त्रास असलेल्यांनी तिथे येऊ नये, असं केंद्राकडूनच आधी सांगितलं जातं.

घरच्यांचं काम यात नाजूक असतं. ‘काही होणार नाही’ असं दर तासाला सांगत राहिलं तर चिंतेला त्या दिलाशाची सवय लागते. ‘मन घट्ट कर’ म्हटलं तर शरम वाढते. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘कासव’ या चित्रपटाला २०१७ मध्ये सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्याचे निर्माते आणि त्यातले एक अभिनेते डॉ. मोहन आगाशे स्वतः मनोविकारतज्ज्ञ आहेत. चित्रपटातल्या नैराश्यात बुडालेल्या मुलाला घरात कुणी घाईने बरं करायला जात नाही. जेवायला वाढतात, शेजारी असतात, जागा देतात. नातेवाइकांना यापेक्षा चांगला धडा कुठल्या माहितीपत्रकातून मिळेल असं मला वाटत नाही.

औषधांबद्दलही थोडं. त्रास तीव्र असेल तर मनोविकारतज्ज्ञ गोळ्या सुचवतात आणि त्या घेणं म्हणजे हरणं नव्हे. नैराश्य आणि चिंता दोन्हींवर चालणाऱ्या नेहमीच्या गोळ्यांचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात. तासाभरात शांत करणाऱ्या अल्प्राझोलामसारख्या गोळ्यांची सवय लागू शकते, त्यामुळे त्या मर्यादित काळासाठी आणि देखरेखीखाली घ्यायच्या. दोन्ही स्वतःच्या मनाने अचानक थांबवायच्या नाहीत.

*

हे सगळं मिळतं कुणाला, या प्रश्नापाशी मात्र मला राग येतो. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात (त्यात महाराष्ट्र नव्हता) वेगवेगळ्या मनोविकारांसाठी उपचार न मिळणाऱ्यांचं प्रमाण ७० ते ९२ टक्क्यांदरम्यान आढळलं. मुंबई-पुण्यात एका भेटीला हजार-दोन हजार रुपये सहज जातात. दर आठवड्याला ते कोण देणार? शिवाय समुपदेशक अशी पाटी लावायला आजवर कुणाला फारसं अडवलं गेलेलं नाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते. ती आहे का हे विचारायला संकोच करू नये. कोणती पद्धत वापरता, किती भेटी लागतील, हेही विचारावं. नीट शिकलेल्या माणसाला या प्रश्नांचा राग येत नाही.

पण वाट नाही असं नाही, आणि ती शेजारीच, गोव्यात, आखून झाली आहे. ‘संगथ’ या संस्थेने तिथली प्राथमिक आरोग्य केंद्रं आणि खाजगी डॉक्टरांचे दवाखाने निवडून नैराश्य आणि चिंतेच्या रुग्णांवर मोठा प्रयोग केला. २०१० मध्ये त्याचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये आले. रुग्णांशी बोलायला मानसशास्त्रज्ञ नव्हते. आरोग्यक्षेत्राची पार्श्वभूमी नसलेल्या स्थानिक स्त्रियांना साधारण दोन महिने शिकवून समुपदेशक केलं होतं. आजार समजावून सांगणं, श्वासाचे व्यायाम, गरज असेल तिथे पुढची थेरपी किंवा डॉक्टरांकडून गोळ्या, अशी चढती रचना. सरकारी केंद्रांत सहा महिन्यांनी या मदतीने बरे झालेले ६५.९ टक्के, नेहमीच्या उपचाराने ४२.५ टक्के. खाजगी दवाखान्यांत असा फरक दिसला नाही. तिथल्या डॉक्टरांचं रुग्णाकडे आधीच वैयक्तिक लक्ष असतं, हे त्याचं एक कारण मानलं गेलं. आपलं ऐकून घेणारं कुणी भेटलं की माणूस सावरू लागतो, आणि ते ऐकणं शिकवता येतं. डोंबिवलीच्या बाईंना पैसे मोजता आले. शहापूरच्या किंवा चंदगडच्या बाईला तिच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात अशी समुपदेशक का मिळू नये, याला खर्चाचं कारण पुरत नाही.

तोवर केंद्र सरकारची टेलि-मानस ही मोफत सेवा आहे. १० ऑक्टोबर २०२२ पासून ती सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास फोन करता येतो आणि मराठीत बोलता येतं. घरातलं कुणी जिवाचं बरंवाईट करण्याबद्दल बोलत असेल, तर मात्र फोनवर थांबू नये. सोबत राहावं आणि जवळच्या हॉस्पिटलमध्ये न्यावं.

*

थेरपी एका दिवशी संपत नाही. भेटींमधलं अंतर आठवड्यावरून पंधरवड्यावर जातं, मग महिन्यावर. झटका पुन्हा कधीच येणार नाही अशी हमी कुणी देत नाही, आणि देणाऱ्यापासून लांब राहावं. शांतपणा मिळतो, पण त्याचं रूप आधी कल्पना केली होती तसं नसतं. धडधड अधूनमधून होते, तिच्याभोवतीचा गोंगाट कमी झालेला असतो.

शेवटच्या भेटींत त्रास परत आला तर काय करायचं हे बसून लिहिलं जातं. आधी सूचना देणाऱ्या खुणा : फास्ट गाडी सोडायला निमित्त शोधणं, स्ट्रिप पुन्हा पर्समध्ये येणं, मैत्रिणींचे फोन न उचलणं. मग त्यावरचे उपाय, वहीतले कोणते अभ्यास पुन्हा सुरू करायचे, घरात कुणाला सांगायचं, आणि दोन आठवडे फरक पडला नाही तर न लाजता अपॉइंटमेंट घ्यायची. आपल्या बाईंच्या यादीत त्यांनी एक मुद्दा थेरपिस्टला न विचारताच घातला. ‘मार्च एंडला त्रास वाढेल. वाढला तर तो मार्च एंडचा आहे, माझा निकाल नाही.’